आधी पोहोचला, पण थांबला
(मनन : योहान २०:१-१०)



बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला लोक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. आषाढी जवळ आली की गडावरून पालखी पंढरपूरकडे निघते. पायी चालणे या भागाला नवे नाही. ऊसतोडीच्या हंगामात तर इथली कितीतरी कुटुंबे बिऱ्हाडासकट घराबाहेर पडतात. पण काही काम नसताना, मागे कुत्रे लागलेले नसताना उगाच पळत सुटणे आपल्या म्हाताऱ्या माणसांना अजून पटत नाही. पहाटे रस्त्याने पळणाऱ्या पोराला आजी हमखास विचारते, “काय रे, एस.टी. चुकली का?”

आमच्याबरोबर शिकलेले मित्र आज पुण्यात, मुंबईत, आखाती देशांत आहेत. चाळिशी आली, डॉक्टरांनी दटावले, तसे त्यांतले काही पळू लागले, काही सायकल चालवू लागले. रोज सकाळी मोबाईलवर त्यांची खबर येते : किती किलोमीटर, किती मिनिटे, आणि घामाघूम झालेला एक फोटो. एकाने आपल्या पहिल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीनंतरचा फोटो टाकला. त्याचा चेहरा पाहून आमच्यापैकी एकाने विचारले, “पदक मिळाले, की दाढ काढली?” आम्ही दोन दिवस हसत होतो. तोही हसला.

असे हसणे वाईट का? मुळीच नाही. म्हातारपणी मूल होणार म्हणून सारा हसली आणि त्या मुलाचे नावच इसहाक ठेवले गेले. त्या नावाचा अर्थच हसण्याशी जोडलेला आहे. १४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जगभरातल्या शंभराहून अधिक विनोदी कलाकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावून घेतले होते. खरा विनोद कोणाला दुखावत नाही, कोणाला त्याच्या व्यंगावरून खाली पाडत नाही, असे त्यांनी त्यांना सांगितले. मित्र आपल्याबरोबर हसत असेल तर तो विनोद. तो एकटाच गप्प बसला असेल तर थांबावे.

मात्र हसण्याआड कधी कधी पोटदुखीही लपते. संत पौल रोमकरांस लिहिताना सांगतो की आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा (रोम १२:१५). मयताला आपण सगळे धावून जातो. पण दुसऱ्याच्या यशात मनापासून आनंद मानणे जड जाते. ‘याला बरा वेळ मिळतो पळायला!’ असे मनात येऊन जाते, आणि तेच मग थट्टा म्हणून बाहेर पडते.

आपल्या जिल्ह्याने अशी थट्टा मागे टाकलेला एक धावपटू पाहिला आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे हा शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायपीट करणारा, पुढे महार रेजिमेंटचा जवान. त्याची शर्यत म्हणजे ३००० मीटर स्टीपलचेस. तीत २८ वेळा अडथळे ओलांडायचे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी घ्यायची. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या जिल्ह्याचा मुलगा पाण्यावरून उड्या मारून नाव कमावतो, याचे आम्हांला नेहमी हसू येते आणि अभिमानही वाटतो. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच निमुळता मनोरा. पूर्वी एका चर्चचा मनोरा नजरेसमोर ठेवून, वाटेतले कुंपण आणि ओढे ओलांडत घोडे दौडवीत. त्यावरून हे नाव पडले. नजर मनोऱ्यावर ठेवायची आणि अडथळा आला म्हणून परत फिरायचे नाही. आम्हां ख्रिस्ती माणसांना आणखी काय सांगायला हवे?

२०२२ मध्ये बर्मिंगहॅमला अविनाशचे सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले आणि रौप्य मिळाले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत त्याने सुवर्ण मिळवले. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत तो धावला. जिल्ह्यातल्या किती मोबाईलवर तेव्हा लोकांनी श्वास रोखून धरले असतील! पुढे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या अडथळ्यावर पडला. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. जिंकला तेव्हा आम्ही सगळे त्याचे होतो. पडला तेव्हा किती जणांनी त्याच्यासाठी एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हटले?

आमचीही तीच गत झाली. दाढेच्या विनोदाचा आमचा तो मित्र. एकदा त्याचे फोटो येणे बंद झाले. महिनाभर आमच्या ते लक्षातही आले नाही. गुडघ्याच्या दुखण्याने तो घरात पडून होता, मनानेही खचला होता, हे दुसऱ्याच कोणाकडून कळले. त्याच्या पळण्यावर आम्ही रोज हसलो, पण तो थांबला तेव्हा एकानेही त्याची साधी चौकशी केली नव्हती. याची आम्हांला लाज वाटली.

शुभवर्तमानातही एक शर्यत आहे. पुनरुत्थानाच्या पहाटे पेत्र आणि दुसरा शिष्य कबरीकडे धावत सुटले. तो दुसरा शिष्य म्हणजे संत योहान, असे परंपरा मानते. पहिला कोण आला हे सांगायला तो विसरलेला नाही. एकदा नव्हे, दोनदा सांगतो! हसू येते ना? पण पुढे काय झाले ते पाहा. तो आधी पोहोचला, वाकून आत डोकावला, पण आत गेला नाही. थांबला. मागून धापा टाकत कोण येत होता? काही दिवसांपूर्वीच प्रभूला तीन वेळा नाकारलेला पेत्र. योहानाने त्याला आधी आत जाऊ दिले, मग स्वतः गेला, पाहिले आणि विश्वास ठेवला.

बंधुभगिनींनो, मैत्री ती हीच. मोबाईलवरून मित्राचे धावणे पाहावे, हसावे, शाबासकी द्यावी. देवाने दिलेली ही एक सोय आहे. पण २०१९ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी सुचवले होते, त्याप्रमाणे ही सोय प्रत्यक्ष भेटीची वाट मोकळी करण्यासाठी असावी. भेटीची जागा घेण्यासाठी नव्हे. संत योहानाच्या नावे असलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटीही शाई आणि कागदावर न भागवता समोरासमोर भेटण्याची ओढ आहे, म्हणजे आनंद पूर्ण होईल (२ योहान १२).

या आठवड्यात एवढेच करू या. ज्या मित्राची खबर येणे थांबले आहे, त्याला स्वतःहून फोन करू या. जमले तर घरी जाऊ या. आम्ही आमच्या मित्राकडे उशिरा का होईना गेलो. दार उघडताच तो म्हणाला, “आलात? मला वाटले, एस.टी. चुकली तुमची!”

हे प्रभो, आमच्या हसण्यातले विष काढून टाक. पुढे गेलेल्यांचा हेवा आणि मागे राहिलेल्यांचा विसर आम्हांला पडू देऊ नकोस. आमेन.