वजा पडलेले अर्धे फळ

लेण्याद्रीच्या पायथ्याशी, जेथे पायऱ्यांस आरंभ होतो तेथे, गेल्या माघ महिन्यात माझ्या वृद्ध मावशींना घेऊन मी उभा होतो. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला असल्यामुळे डोली करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि भाड्याची घासाघीस संपून डोली जमिनीवर टेकलीही होती. परंतु तीत बसण्यापूर्वी पदर सावरीत त्या माउलीने मला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. "अरे, मी अशी बसून गेले, तर दर्शनाचं पुण्य माझ्या नावावर पडेल की ह्या पोरांच्या?" डोलीवाले हसले. त्यांच्यातला वयाने मोठा म्हणाला, "आजी, तुम्ही बसा तर खरं. वाटणी वर गेल्यावर करू."

मी त्यांच्या मागोमाग चढत होतो. पुढच्या गड्याच्या खांद्यावर चौपदरी घडी केलेला पंचा होता आणि तो दांड्याखाली पार चेपून गेला होता. खांदा बदलताना कोणी शब्द उच्चारीत नसे, नुसता एक हुंकार येई आणि सगळे एकदम थबकत. मावशी मात्र डोलीत पाय आखडून, जणू प्रत्येक पाऊल त्यांचेच पडत आहे अशा तन्मयतेने, ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजीत होत्या. शंभराच्या पुढे कोठेतरी त्यांची मोजणी चुकली. तेव्हा त्यांनी पुन्हा एकपासून आरंभ केला.

हा प्रश्न केवळ मावशींचा नाही. आपल्या धर्मनिबंधकारांनी त्याचा रीतसर जमाखर्च मांडून ठेवलेला आहे, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचे जे विस्तृत विवेचन केले आहे, ते वाचताना या मंडळींनी किती बारीकसारीक बाबी हिशेबात धरल्या होत्या याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. तीर्थास जो यानाने जातो, त्याच्या फळातील अर्धा हिस्सा ते यान हरण करते. छत्री आणि पादत्राणे त्याच्या निम्मे नेतात. वाटेत व्यापार केल्यास चार भागांतील तीन बुडतात. आणि प्रतिग्रह, म्हणजे दान घेणे, सगळेच फळ धुऊन नेते. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्य याहूनही कडक आहे. बैलावर बसून प्रयागास जाणाऱ्याला ते थेट नरकाची वाट दाखविते. मात्र तेथेच एक सवलतही दडलेली आहे: ऐश्वर्यामुळे, लोभामुळे अथवा मोहामुळे जो यानाचा आश्रय करतो, त्याची यात्रा निष्फळ, असे ते पुराण म्हणते. या तिन्ही सदरांत माझ्या मावशींचे गुडघे बसत नाहीत, हे मी पायथ्याशीच सांगावयास हवे होते.

पण शंका तेवढ्याने फिटत नाही. दप्तराची ज्याला थोडीबहुत सवय आहे त्याला ठाऊक असते, की एका खात्यातून वजा पडलेली रक्कम दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात जमा दाखवावी लागते. नाही तर तपासणीस पान उलटू देत नाही. यानाने हरण केलेले ते अर्धे फळ मग कोणाकडे जमा होते? लाकडाच्या डोलीला पुण्याचा उपयोग काय? निबंधकारांनी खर्चाची बाजू चोख लिहिली. जमेची बाजू कोरीच ठेवली.

या प्रश्नाने पुढे माझी पाठ भलत्याच ठिकाणी, म्हणजे आकाशात, धरली. नोव्हेंबर २०१६ मध्ये काही हौशी वैमानिक १९२० आणि १९३० च्या दशकांतील आपली जुनी विमाने घेऊन ग्रीसच्या क्रीट बेटावरून निघाले आणि भूमध्य समुद्र ओलांडून, ईजिप्त, सुदान, इथिओपिया, केनिया असे मजल-दरमजल करीत, महिन्याभराने आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकाला, केप टाउनला जाऊन पोहोचले. 'व्हिन्टेज एअर रॅली' असे त्या उपक्रमाचे नाव. एकावर एक अशी पंखांची जोडी, त्यांवर ताणून बसविलेले कापड, वैमानिकाची बैठक उघडी, वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि दर काही तासांनी पेट्रोलसाठी खाली उतरण्याची सक्ती, असा या विमानांचा संसार. ती गीझाच्या पिरॅमिडांजवळ उतरली. इथिओपियात गांबेला येथे हवाई हद्दीच्या परवानगीच्या वादावरून सगळ्या तांड्याला दोन दिवस अटकावून ठेवण्यात आले. ज्याला नुसते केप टाउनला पोहोचावयाचे आहे तो युरोपातून मोठ्या विमानात रात्री बसतो आणि सकाळी तेथे उतरतो. मग हा खटाटोप कशासाठी?

पंढरपूरला एस. टी. जात असताना आमच्या जुन्नर-आंबेगावातल्या दिंड्या पायी कशासाठी जातात, हा प्रश्न आणि तो प्रश्न एकच आहे, असे प्रथमदर्शनी मला वाटले; परंतु ही तुलना मला फार काळ मानवली नाही. वारकऱ्याच्या डोक्यावर वळकटी असते, यांच्यामागे धनसंपत्ती आहे. तो दैवतासाठी चालतो, हे हौसेसाठी उडतात. मत्स्यपुराणातले ऐश्वर्य आणि मोह हे दोन्ही शब्द येथे बरोबर लागू पडतात, आणि प्रयागमाहात्म्याच्या न्यायासनापुढे हा खटला उभा राहिला तर निकाल काय लागेल याविषयी मला संदेह नाही. तरीही त्या विमानांचा मार्ग नकाशावर पाहताना मी चरकलो, कारण त्याचा पहिला टप्पा आमच्या जुन्नरच्या ओळखीचा निघाला.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठचा व्यापारी याच वाटेने निघत असे. अलेक्झांड्रियाहून नाईल नदीने कोप्टॉसपर्यंत बारा दिवस, तेथून उंटांवर वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील बेरेनिकेपर्यंत आणखी बारा दिवस, असा हिशेब प्लिनीने लिहून ठेवला आहे. पुढे उन्हाळ्याच्या ऐन भरात मोसमी वारे शिडात घेऊन समुद्र, मग सोपारा किंवा कल्याण, आणि शेवटी सह्याद्रीची ती उभी चढण, नाणेघाट, जेथे नागनिकेचा शिलालेख आहे आणि जेथला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो. घाट चढून आलेला माल जुन्नरच्या पेठेत उतरे. व्यापाराने तीन हिस्से बुडतात, असे निबंधकार म्हणतात. या माणसांची तर सारी यात्राच व्यापाराची. परंतु जुन्नरच्या लेण्यांत आपल्या नावामागे 'यवन' असे लावणाऱ्या तिघा दात्यांचे लेख कोरलेले आहेत: इरिल नावाच्या एकाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, खोदविली, चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या तिसऱ्याने लेण्याचे दर्शनी द्वार करविले. त्यांची जहाजे गेली, माल गेला, भाषाही त्यांनी येथलीच, प्राकृत, वापरली. उरला तो चौथा हिस्सा. तो मायदेशी परत गेला नाही. ज्या वाटेवर तो मिळाला, त्याच वाटेवर, शिवनेरी आणि मानमोडीच्या कातळात, तो ठेवलेला आहे.

मला वाटते, जमेची कोरी बाजू येथे थोडी भरता येते. यान जे अर्धे फळ नेते ते कोठे दूर जात नाही. ते वाटेवरच पडून राहते, आणि वाटेवरच्या माणसांच्या नावे राहते. यानस्थ मनुष्य त्याच्या वरून निघून जातो, इतकेच. याचा अनुभव मला माझ्याच आळसाने दिला. मंचरहून मोटारीने भीमाशंकरला निघालो असताना घोडेगाव मागे पडल्याचे मला आठवते, त्यानंतरचे काही आठवत नाही. डोळा उघडला तो थेट वाहनतळावर. मध्ये डिंभ्याचे धरण येऊन गेले, ज्याच्या पाण्याखाली मूळचे आंबेगाव गेले आहे, इतके की तालुक्याचे नाव आता एका बुडालेल्या गावाचे नाव आहे आणि कचेरी मात्र घोडेगावात. हा मुलूख पायी ओलांडणाऱ्याला त्या पाण्याशी थांबावे लागले असते. कोणी म्हातारा भेटला असता, आणि देऊळ कोठे होते, तालीम कोठे होती, हे त्याने बोट करून दाखविले असते. ज्योतिर्लिंगाचे दर्शन मला झाले; आंबेगावचे झाले नाही. अर्धे म्हणजे नेमके किती, ते मला त्या दिवशी कळले.

जुन्या लहान विमानाचा एक गुण मग कबूल करावाच लागतो: त्यात झोपता येत नाही आणि उतरल्यावाचून चालत नाही. आगाखानांनी, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी माणसासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते, आणि त्या शर्यतीत १९३० साली जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे, तर अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा तरुण इंग्लंडहून कराचीकडे निघाला होता. ईजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबूकिर येथे टाटा उतरले, तो हा प्रतिस्पर्धी तेथे अडकून पडलेला. त्याच्या यंत्राचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ दुसरे नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. त्याने कृतज्ञतेने आपले पाण्यावर तरंगविणारे जाकीट त्यांना दिले, दोघे आपापल्या दिशांना उडाले, आणि अस्पी काही तासांच्या फरकाने बक्षीस जिंकला. प्रतिग्रहाने सर्व फळ जाते हे सूत्र अक्षरशः घेतले तर अस्पीचे सारेच बुडाले असे म्हणावे लागेल. पण वाटेत अडलेल्याने घेतलेली मदत आणि दानावर चालविलेला चरितार्थ यांत शास्त्रकारांनाही भेद दिसला असता, आणि जाकिटाने तर ती उधारी तेथल्या तेथे चुकती झाली होती. टाटांनी पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईस टपाल आणले आणि पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्याच जातीच्या लहान विमानातून तो प्रवास पुन्हा केला, हे बहुतेकांस ठाऊक असते. अबूकिरची हकिकत मला त्याहून मोठी वाटते. हे दोघे मोठ्या विमानात असते, तर रात्री एकमेकांच्या डोक्यावरून निघून गेले असते.

मोठ्या विमानाविषयी लिहिताना जुन्नरच्या माणसाला एक रात्र टाळता येत नाही. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असता, सिडनीहून रोमकडे चाललेले अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईस येत असताना या परिसरातील एका डोंगरावर, माथ्याच्या जेमतेम पाच फूट खाली आदळले, आणि त्यातील ८५ प्रवासी व ९ कर्मचारी, सर्वच्या सर्व ९४ माणसे गेली. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला आणि तो काळोखात वेळेआधी खाली उतरू लागला, असे कारण पुढे निष्पन्न झाले. चौऱ्याण्णव जणांचे प्रारब्ध एकाच गाठोड्यात बांधून त्याला कर्मविपाक असे नाव देणारे तत्त्वज्ञान आपल्याकडे सहज बोलले जाते. मला ते निर्दय वाटते आणि मी ते मानीत नाही. एवढेच सांगतो, की आषाढाचा शुद्ध पक्ष चालू होता, पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या, आणि त्या विमानातील माणसांना आपल्या खाली कोणता मुलूख आहे हे शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नसावे.

लेण्याद्रीहून खाली उतरल्यावर मावशींनी पायथ्याशी नारळ फोडविला. एक वाटी पिशवीत टाकली आणि दुसरी त्या मोठ्या डोलीवाल्याच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "ही तुमची वाटणी." त्याने ती कपाळाला लावली आणि दगडावर आपटून तिचे साथीदारांपुरते तुकडे केले.

परतताना वाकडी वाट करून आम्ही ओतूरला गेलो, कारण कपर्दिकेश्वराचे दर्शन घेतल्यावाचून मावशी घरी यावयास तयार नव्हत्या. तेथेच मांडवीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, ज्यांना तुकोबांचे गुरू मानतात. आपल्याला गुरूपदेश कसा झाला ते तुकोबांनी एका अभंगात सांगितले आहे: स्वप्नात गंगास्नानास चालले असता गुरू वाटेतच भेटले, मस्तकावर हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि मंत्र दिला. तूप द्यावयाचे राहून गेले, याची खंत त्या अभंगात आहे; तिथी आणि वार आहेत, गुरुपरंपरेतील नावे आहेत. ज्यासाठी ते घरून निघाले होते ते स्नान पुढे घडले की नाही, ते मात्र त्यात लिहिलेले नाही.