अज्ञान आणि माया

अ‍ॅना सेवेल या आंग्ल लेखिकेची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी १८७७ साली प्रसिद्ध झाली. घोड्याने स्वमुखे सांगितलेली ही कथा घरात एकत्र वाचताना आपण एका प्रसंगापाशी थबकतो. आजारी मालकिणीसाठी ब्यूटी रात्री दौडत जाऊन डॉक्टरांना घेऊन येतो. घामाने निथळणाऱ्या घोड्याला तबेल्यातला पोऱ्या जो ग्रीन मायेने बादलीभर थंड पाणी पाजतो, अंगावर घोंगडी मात्र घालीत नाही. घोडा मरणाच्या दारी पोहोचतो. बाप म्हणतो, पोराला ठाऊक नव्हते. मोतद्दार जॉन मात्र अज्ञानाला दुष्टपणाच्या खालोखाल लेखतो.

मुले पोऱ्याची बाजू घेतात, आपण जॉनची. दोन्हींत तथ्य आहे. ज्याच्यावर माया करावी त्याची गरज जाणून घेणे हे प्रीतीचेच कर्तव्य होय. आणि चुकलेल्याला शिकण्याची संधी देणे, हेही. कथेच्या अखेरीस थकलेल्या ब्यूटीला ओळखून सांभाळणारा मोतद्दार हाच जो ग्रीन असतो, आता जाणता झालेला. सर्वांनी मिळून ही गोष्ट ऐकल्यावर, आपल्यासाठी राबणाऱ्या जिवांविषयी ‘ठाऊक नव्हते’ असे एकमेकांना सांगण्याची सोय आपल्या घरात उरत नाही.