पाचोळ्याचा मालक

दिवाळीची झाडलोट म्हणजे आमच्या घरचा एक पराक्रमच! काही वर्षांपूर्वी त्या भरात मी खराटा घेऊन आगरातही शिरलो. आगर रत्नागिरीकडचे: वर माड, त्याखाली पोफळी, पोफळींवर मिरवेली, सावलीत जायफळ, तळाशी केळी नि अननस. या सर्वांनी गाळलेला पाचोळा मी गोळा केला, वाळवला आणि पेटवून दिला. जमीन कशी लख्ख दिसू लागली! शाळामास्तराला टापटिपीचे कौतुक भारी.

आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण तो बहुतेक चार महिन्यांत, आणि उतारावरून धावत समुद्राला मिळतो. चैत्र-वैशाखात पाटाचे पाणी आम्ही पाळीने घेतो. त्या वर्षी आज भरलेली आळी उद्या कोरडी ठणठणीत! मग मी पाळी संपल्यावरही अर्धा तास, पुढे तासभर, पाणी अडवू लागलो.

एका संध्याकाळी खालच्या आगरातले वृद्ध शेजारी बांधावर येऊन उभे राहिले. “मास्तर, तुमचं घड्याळ मागं पडतं का?” एवढेच त्यांनी विचारले. मी गप्प. त्यांनी मला आपल्या आगरात नेले आणि पायाने पाचोळा बाजूला सारला. खाली काळीभोर, ओलसर माती नि गांडुळे. “पाणी थोडंच मिळतं,” ते म्हणाले, “पण हे पांघरूण मी काढीत नाही.”

पाने माझ्या झाडांची, तेव्हा ती जाळण्याचा हक्कही माझा, असे मी मानीत होतो. पण पाचोळा मातीला ऊन लागू देत नाही. तो कुजला की माती भुसभुशीत होऊन पाणी मुरते. शेतातला टाकाऊ माल जमिनीलाच कसा परत करावा, हे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या प्रयोगांवरून १९३१ सालीच पुस्तकात सांगितले होते. मी ती निव्वळ खताची बाब समजत होतो. आपलीच वस्तू जाळून शेजाऱ्याची चोरी करता येते, हे मला कुठल्या नीतिपाठात भेटले नव्हते.

हल्ली आमचा खराटा मागच्या दारापाशी थांबतो. शेजाऱ्यांची त्या उन्हाळ्यात करपलेली पोफळीची रोपे मी नव्याने लावून दिली. पोफळ धरायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. शेजाऱ्यांनी ऐंशी ओलांडली आहे. ते मला काहीच म्हणत नाहीत. पाळी संपण्याआधीच मी पाट सोडून देतो.