जुन्या बसची पूजा

पाताळगंगेच्या काठी आपट्यासारख्या गावात कोणी जुनी बस विकत आणली, की दारात नारळ फुटतो, पुढच्या काचेखाली कुंकवाचं स्वस्तिक निघतं आणि चाकाखाली लिंबं जातात. समजा, ही बस पूर्वी रसायनीच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करायची. मधल्या एका मालकाने तिची आसनं काढून आत ओटा, पाण्याची टाकी आणि झोपायला दोन बाकं बसवली. इंजिनाचं काम झालं, पाटे बदलले, पत्राही बराचसा नवा घातला. पहिल्या मालकाने शोरूममधून आणली तेव्हा तिची पूजा झालीच असणार. मग आजची पूजा नेमकी कशाची? बस तीच असेल तर विधी दुसऱ्यांदा कशाला, आणि वेगळी असेल तर तिचे जुने अपघात, थकलेले कर, मोडकी गियरपेटी आपल्या माथी का? प्रश्न पोरकट वाटतो, पण आपल्या दर्शनकारांनी यावर शतकं घालवली आहेत.

सरकारी उत्तर सरळ आहे. आरटीओच्या लेखी बस म्हणजे तिचा चासी नंबर. लोखंडावर खोदलेल्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासायची, ठसा उमटला की ओळख पटली. वरची बॉडी बदलली तर तो बदल नोंदवून घ्यायचा, बस तीच. हे ऐकून कोणालाही गीतेतली जुनी वस्त्रं टाकण्याची उपमा आठवेल : बॉडी हे वस्त्र, चासी हा आत्मा. मला हे उत्तर फार सोयीचं वाटतं. चासीही गंजते, तिलाही वेल्डिंग लागतं. आत्म्याला गंज चढतो असं कोणी म्हटलेलं नाही. नैयायिक याहून कठोर. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांहून वेगळा पदार्थ, पण तो अवयवांवरच टिकतो. वस्त्रातला एक धागा निघाला की आधीचं वस्त्र नष्ट होतं आणि उरलेल्या धाग्यांचं दुसरं जन्मतं. ‘तेच ते’ असं वाटतं ते निव्वळ साजात्यामुळे. या हिशेबाने पाटे बदलले त्या दिवशीच बस संपली.

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. त्यातला रथाचा दृष्टांत सर्वांना ठाऊक असतो : आस, चाकं, जू यांपैकी एकही रथ नव्हे, त्या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ हा व्यवहार चालतो. पण या प्रश्नासाठी त्याच ग्रंथातला आंबेचोर जास्त उपयोगाचा. चोर म्हणतो, मालकाने पेरलेली कोय वेगळी आणि मी तोडलेले आंबे वेगळे, मग मी याचं काय चोरलं? नागसेनाचं उत्तर असं, की हे आंबे त्या कोयीतूनच आले, म्हणून चोर दोषी. इथे ‘तेच का’ हा प्रश्न न सोडवताच जबाबदारी ठरते. एकातून दुसरं आलं, एवढी साखळी पुरते. आपल्या बसचंही तेच. ती नवी की जुनी, याचा निकाल न लावताही तिचं मागचं सगळं नव्या मालकाच्या अंगणात येतं. ते त्याने केलेलं नसतं, पण घ्यावं मात्र त्यालाच लागतं. दुसऱ्या पूजेचा अर्थ मी असा लावतो : ती बसला शुद्ध करत नाही, आपण न केलेल्या गोष्टींचा वारसा चारचौघांत पत्करते. म्हणून शोरूममधल्या कोऱ्या गाडीपेक्षा जुन्या गाडीलाच ती जास्त शोभते.

यावर कोणी म्हणेल, सगळा व्यवहाराचाच मामला असेल तर काहीही मानता येईल. आपट्याचंच स्टेशन घ्या. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या शेवटच्या प्रसंगात ते पंजाबातलं स्टेशन झालं आणि सगळ्या देशाने ते मानलं. मानलं खरं, पण त्या मानण्याने कोणावर काही बंधन आलं नाही. पनवेल-रोहा मार्गावरचं तिकीट आपट्याचंच निघत राहिलं. आरसी बुकावरचं नाव हेही मानणंच आहे, पण त्यापायी माणसाला कोर्टात उभं राहावं लागतं. दोन मानण्यांत हा फरक आहे.

दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा, आणि तो जड आहे. चाकाखाली लिंबू चिरडणारा माणूस ब्रेक तपासत नाही, विधी जबाबदारी देत नाही, उलट देवावर ढकलतो. हे घडतं, नाकारण्यात अर्थ नाही. तरी खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये काय चालतं ते पाहावं. पाने, हातोड्या, जॅक धुऊन-पुसून मांडतात, मग हळद-कुंकू. म्हणजे पूजेच्या आधी प्रत्येक हत्यार हातात येतं, झिजलेलं कोणतं ते कळतं. बसचं पासिंग न करता नुसता नारळ फोडणाऱ्याने पूजा अर्धीच केली, एवढंच त्यातून सिद्ध होतं. लिंबाचं समर्थन मात्र मी करणार नाही. ते दृष्टीच्या भीतीपोटी आलेलं आहे, आणि भीतीला हिशेब कळत नाही.

जबाबदारी पत्करण्याच्या बाबतीत कायदा विधीपेक्षा संथ आहे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदीत आहे. त्यामुळे पैसे चुकते करून, किल्ली घेऊन पळस्प्याहून कर्नाळ्याच्या खिंडीतून बस आपट्याकडे येते, तेव्हा कायद्याच्या लेखी ती अजून विकणाऱ्याचीच असते. वाटेत काही झालं तर नोटीस त्याच्या दारी जाणार. चालवणारा एक आणि उत्तरदायी दुसराच, अशा त्या प्रवासात घेणाऱ्याने आधी कागद करावा की आधी नारळ फोडावा? माझ्या मते दोन्ही एकाच दिवशी व्हावं, आणि कागद सकाळी.