शस्त्रानंतरचा स्वधर्म

गीतेच्या अठराव्या अध्यायात बेचाळीस ते चव्वेचाळीस ह्या तीन श्लोकांत मनुष्यमात्राच्या स्वभावजन्य कर्मांची विभागणी सांगितली आहे. आणि लगेच पुढच्या श्लोकात, जो तो आपापल्या कर्मात रत राहिला तर सिद्धीस पोचतो, असे भगवंतांचे आश्वासन आहे. हे आश्वासन वाचून एक शंका मनात उभी राहते. ज्याने उमेदीच्या वयात शस्त्र धरले आणि पुढे नांगर धरला, गुरे पाळली, त्याचे 'आपले' कर्म कोणते समजावे? मल्लेश्वरमच्या वस्तीत ही शंका केवळ पोथीतली राहत नाही. येथे गीतापठनास येणाऱ्यांत सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ असतात, आणि "आमचे नियत कर्म तर संपले, आता जे करतो तो स्वधर्म की नुसते कालहरण?" असे त्यांपैकी कोणी ना कोणी विचारतोच.

ह्या प्रश्नाचा विचार एका प्रसिद्ध चरित्राच्या आधारे करणे सोयीचे होईल. कॅप्टन गो. रा. गोपीनाथ हे बंगळूरचे विमान-व्यवसायी म्हणून देशभर परिचित आहेत. त्यांचा जन्म १९५१ सालचा, हासन जिल्ह्यातील हेमावतीकाठचे गोरूर हे त्यांचे गाव, वडील शाळामास्तर. विजापूरची सैनिक शाळा, पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आणि मग सैन्य, असा त्यांचा मार्ग झाला. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात ते सेवेत होते. सुमारे आठ वर्षांनी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला. हेमावतीवरील धरणात कुटुंबाची जमीन बुडाली होती आणि तिच्या मोबदल्यात जावगलजवळ कोरडवाहू माळ मिळाला होता. त्या माळावर तंबू ठोकून ह्या तरुण अधिकाऱ्याने शेती आरंभिली. गाई पाळल्या, कोंबड्या पाळल्या, नारळ लावले, रेशमाचे किडे वाढविले. निसर्गाला धरून केलेल्या त्या रेशीमशेतीबद्दल १९९६ साली त्यांना आंतरराष्ट्रीय रोलेक्स पुरस्कार मिळाला. आज ते सत्तरी ओलांडलेले आहेत.

येथे जाणकार वाचक आक्षेप घेईल की, अर्जुनाला तरी भगवंतांनी वेगळे काय सांगितले? तोही शस्त्र टाकून भिक्षान्नावर राहावयास निघाला होता, आणि त्यास अडविण्यासाठीच गीता सांगावी लागली. मग सैनिकाने सेवा सोडणे हा स्वधर्मत्यागच नव्हे काय?

ह्याचे उत्तर अठराव्या अध्यायाच्या सातव्या व आठव्या श्लोकांत आहे. नियत कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग. शरीराला कष्ट होतील ह्या भयाने टाकणे हा राजस त्याग. म्हणजे त्यागाची परीक्षा केवळ 'काय सोडले' ह्यावर होत नाही. 'केव्हा सोडले' आणि 'कशापायी सोडले' हेही पाहावे लागते. अर्जुन रणाच्या मध्यभागी, शोकाने विव्हळ होऊन, सोपे वाटणाऱ्या जीवनाकडे वळत होता. युद्ध संपल्यावर, रीतसर निरोप घेऊन, पगाराची शाश्वती टाकून जो तंबूत राहावयास जातो, त्याला कायक्लेशाचे भय होते असे कोण म्हणेल?

परंतु ह्याहून महत्त्वाची गोष्ट श्लोकांच्या शब्दरचनेत दडलेली आहे. भाषांतर करताना ती चटकन ध्यानात येते. नुसत्या पाठात निसटून जाते. त्रेचाळिसाव्या श्लोकात क्षात्रकर्म म्हणून जी यादी आहे, तीत शौर्य, तेज, धृती, दक्षता, युद्धातून पळ न काढणे, दान आणि ईश्वरभाव अशा सात गोष्टी आहेत. ह्यांत धंदा एकही नाही; सगळे गुण आहेत. सातांपैकी एकाच गुणाला रणांगणाची मर्यादा घातली आहे. उरलेले सहा मोकळे आहेत. उलट पुढच्या श्लोकात कृषी, गोरक्ष्य व वाणिज्य हे प्रत्यक्ष व्यवसाय आहेत, आणि त्या तिघांचा एकवचनी समास करून ते जणू एकच कर्म म्हणून गणले आहेत. यावरून मला असे वाटते की, व्यवसाय बदलता येतो, गुण मात्र मनुष्याबरोबर चालत येतो. गणवेश उतरला म्हणून धृती उतरत नाही. पाऊस हुकलेल्या साली माळावर टिकून राहण्यास जी धृती लागते, ती खंदकातल्या धृतीहून निराळ्या जातीची नाही.

'गोरक्ष्य' ह्या शब्दाकडेही थोडे थांबून पाहावे. त्याचे 'पशुपालन' असे भाषांतर केले की मूळचा 'रक्ष्' धातू हरवतो. सैनिक ज्या क्रियेसाठी नेमलेला असतो, तीच क्रिया गोठ्यात चालते. रक्ष्य बदलते, रक्षण तेच. महाभारतकारांनी हे विराटपर्वात किती सहज दाखविले आहे! अज्ञातवासात सहदेव तंतिपाल नावाने विराटाची गुरे सांभाळतो, आणि त्रिगर्तांनी ती गुरे हाकून नेताच तोच हाती शस्त्र घेतो. गोपाळ आणि योद्धा ह्या दोन व्यक्ती तेथे नाहीतच. आणि गीतेचा वक्ता स्वतः कोण? गोकुळात गुरे राखलेला.

ह्या भूमीच्या इतिहासातही ही साक्ष मिळते. म्हैसूर राज्यात तोफा आणि रसद ओढण्यासाठी ज्या बैलांची जोपासना होत असे, त्या खिल्लारांना टिपू सुलतानाने 'अमृतमहाल' हे नाव दिले; त्यांची राखीव कुरणे हासन, चिकमगळूर, तुमकूर ह्या भागांत पसरलेली होती. आपल्या महाराष्ट्रात तर खरीप हाती आल्यावर दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघणारा आणि पावसाळ्यापूर्वी नांगराला परतणारा कुणबी हाच सैन्याचा कणा होता.

आता कठीण भागाकडे येऊ. कॅप्टन गोपीनाथ शेतीवर थांबले नाहीत. समासातल्या तिसऱ्या पदाकडे, वाणिज्याकडे, ते गेले. १९९७ साली हेलिकॉप्टरसेवा, २००३ साली 'एअर डेक्कन' ही स्वस्त विमानसेवा; आर. के. लक्ष्मण यांचा 'सामान्य माणूस' हे तिचे चिन्ह. २००७ साली ती कंपनी दुसऱ्या हाती गेली; मागाहून काढलेला मालवाहतुकीचा उद्योगही टिकला नाही. चौदाव्या अध्यायात नवनव्या कर्मांचे आरंभ हे रजोगुण वाढल्याचे लक्षण सांगितले आहे. मग ही धडपड राजसच म्हणावयाची काय?

दुसऱ्याच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु कसोटी गीतेनेच दिली आहे. अठराव्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत धृतीच्या जोडीला उत्साहही घातला आहे. म्हणजे आरंभाचा उत्साह हा दोष नव्हे. सिद्धी आणि असिद्धी ह्यांनी कर्ता आतून विकार पावतो की नाही, हा खरा प्रश्न. हे धडे शिकविण्यास गोठ्यासारखी पाठशाळा नाही. गाय आजारी पडली तर रात्र जागावी लागते, आणि जागूनही ती वाचेलच असे नाही. नारळ लावणाऱ्याला पहिल्या फळासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. व्यापाऱ्याला फल आपल्या हाती आहे असा भ्रम होऊ शकतो; शेतकऱ्याला तो फार दिवस परवडत नाही. म्हणून समासात कृषी प्रथम आणि वाणिज्य शेवटी आहे, ह्यात मला शहाणपण दिसते.

मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिरात १६६९ सालचा एक शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे ह्यांनी देवास एक गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. समोरच नंदितीर्थात पाषाणाच्या नंदीच्या मुखातून अखंड पाणी शिवलिंगावर पडत असते. योद्ध्याचे दान आणि बैलाची सेवा येथे एकाच देवापाशी येऊन मिळाली आहेत.

तेव्हा ज्या निवृत्त गृहस्थांच्या मनात वरील शंका आहे, त्यांस इतकेच सांगावेसे वाटते की, आपले कर्म संपले असे मानू नये. संपली ती नेमणूक. जे गुण सेवेत कमावले, ते कशाच्या तरी रक्षणास लावावेत: गाय असो, झाड असो, शेजारचे पोरके मूल असो. फळ आले तर ईश्वरास अर्पण करावे. न आले तर उद्या सकाळी पुन्हा चारा घालावा.