काढणीच्या महिन्यातले गुण

2025च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात दिंडोरीतल्या एका सेवा केंद्रावर पेठ तालुक्यातली एक मुलगी अकरावीचा अर्ज भरायला आली होती. त्याच वर्षी हा ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला. दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. तिने दोनच सांगितली. तिसरं तिला ठाऊक नव्हतं. केंद्रावरच्या मुलाने गुण तपासले, पावती छापली.

तिला घरचं कोणी काहीच विचारलं नाही, हे एका परीने बरंच झालं. यादी गुणांवर लागते, तिथे कुणाची चिठ्ठी चालत नाही. हा भरवसा गरिबाच्या पोरांना फार मोलाचा आहे आणि तो मोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

पण गुण कुठल्या दिवसांत मिळवले? पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. आधी डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, विरळणी, मग काढणी. काढणीचा भर फेब्रुवारी-मार्चमध्ये, दहावीचे पेपरही तेव्हाच. आई बागेत, धाकटी भावंडं हिच्या गळ्यात. अशा घरातले साठ टक्के आणि नाशिकच्या गंगापूर रोडवर क्लास लावून आलेले नव्वद टक्के एकाच तराजूत पडतात. अनुसूचित जमातीचं 7 टक्के आरक्षण हवंच. पण त्याच जमातीतल्या शहरात शिकलेल्या मुलीत आणि हिच्यात ते फरक करू शकत नाही.

दार वेगळ्या रीतीनेही उघडता येतं. नाशिकमध्येच 1989 साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. पहिले कुलगुरू राम ताकवले. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी त्यांनी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला. तो पार केला की पदवीचं दार उघडं. शाळा कुठे सुटली, का सुटली, याचा जाब नाही. कस लागायचा तो आत आल्यावर.

नेहमीच्या कॉलेजांना इतकं मोकळं होता येणार नाही, जागा मोजक्या असतात. तरी दिल्लीच्या जेएनयूने मागास जिल्ह्यांतून आलेल्यांना प्रवेशात जादा गुण दिले होतेच. नियमाने, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. आपल्याकडे तालुका आणि शाळा पाहून तसं करता येईल. नवा दाखलाही लागणार नाही.

निघताना मुलीने पावतीवर बोट ठेवून विचारलं, "आमच्या शाळेचं नाव आलंय ना यात?"

आलं होतं.