आजीच्या ओव्या गाळू नका



तुम्ही धम्मदीक्षा घेतली, देव्हारा रिकामा केला. योग्यच केले. पण आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचे काय करणार? एका ओवीत भीमराव येतो, दुसरीत विठोबा. लिहून घेताना विठोबाची ओवी गाळावी काय?

आमचे उत्तर आहे, गाळू नये.

आपल्या मायबहिणींचा इतिहास सरकारी दप्तरात नाही. तो त्यांच्या तोंडी आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांच्याही ओव्या आहेत. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, बोलते करून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. कोणी विचारलेच नसते, तर त्या स्त्रियांचे बोल त्यांच्याबरोबरच गेले असते.

कोणी म्हणेल, देवाची ओवी लिहिली तर बावीस प्रतिज्ञा मोडतील. मोडत नाहीत. जपणे म्हणजे पूजणे नव्हे. उलट, आजीचे शब्द बदलून ‘हे आजीचेच’ म्हणणे हा मुसावाद आहे. त्याने चौथे शील मोडते. शिवाय विठोबापासून भीमरावापर्यंत ती किती चालली, हे दोन्ही ओव्या शेजारी ठेवल्याशिवाय नातवंडांना कसे कळावे?

तथागतांची वचनेदेखील कित्येक शतके भिक्खूंच्या मुखीच जपली गेली, मग लिहिली गेली.

तेव्हा वही घ्या, आजीपाशी बसा. तिचे शब्द जसेच्या तसे उतरवा; गाव आणि साल लिहा. छापायचे असेल तर आधी तिला विचारा. वेळ थोडा आहे.